वाटीभर विरजण

“मग माझं मन शांत का होत नाही, आक्का?”

अनुसयेनं विचारलं ते असं, जणू चूक आक्काचीच.

बायजाक्का गावाबाहेरच्या मठात एकटी राहायची. एक म्हैस, एक चूल, कोनाड्यात तिच्या गुरूच्या खडावा. लोक मनाचं रडगाणं घेऊन यायचे. ती त्यांना आधी शेण काढायला लावायची.

“काय काय केलंस?” आक्कानं विचारलं.

“तुम्ही सांगितलं ते सगळं. पहाटेची अंघोळ. एक वेळ जेवण. वर चाळीस दिवस मौन! ते तर तुम्ही सांगितलं पण नव्हतं, माझं मीच धरलं. अख्ख्या गावात कुणी धरून दाखवावं.”

“जड गेलं?”

“छे! काहीच नाही.”

“जाईल कसं... सहा वर्षांचा सराव हाय तुला.”

अनुसयेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

गावाला ठाऊक होतं. अनुसयेच्या लेकीच्या लग्नात, भरल्या पंगतीत, थोरली जाऊ कौसल्या म्हणाली होती, ‘आमटीत मीठ कमी पडलंय.’ त्या दिवसापासून अबोला. घर एकच, मधे भिंत. पलीकडं फोडणी चरचरली की अलीकडं हिची छाती जळायची.

“तो अबोला वेगळा,” अनुसया म्हणाली. “हे मौन देवासाठी होतं.”

“देवाला दोन्ही सारखंच ऐकू येतं, बाई.”

...

“जाऊबाई परवा चालल्यात,” अनुसया खालच्या आवाजात म्हणाली. “लेकाकडं. कायमच्या. मला वाटलं, सुटले. तर काल त्यांचं भांड्यांचं पोतं दारात बघितलं आणि दिवसभर घास उतरला नाही. असं का व्हावं, आक्का?”

आक्का चुलीकडं वळली. निवायला ठेवलेल्या दुधात बोट बुडवून बघितलं. मग फळीवरची पितळी वाटी काढून पुढं केली.

“विरजण संपलंय. घेऊन ये.”

“आणते की घरनं.”

“तुझं नको. कौसल्येचं दही घट्ट लागतं.”

अनुसया ताडकन उठली. “मरेन, पण त्या दारात पाय ठेवणार नाही!”

“मर मग. वाटी तेवढी ठेवून जा, एकच हाय.”

...

ऊन डोंगराला टेकलं. अनुसया वाटी हातात धरून तशीच उभी.

“दिवे लागल्यावर विरजण कुणी देत नसतं,” आक्का म्हशीकडं बघत म्हणाली. “माझं दूध वाया जाईल.”

अनुसया पाय आपटत गेली.

आली ती पदराखाली वाटी झाकून. डोळे लाल, नाक लाल.

“दिलं?”

“दिलं.”

“काय म्हणालीस?”

“विरजण द्या म्हटलं.”

“आणि ती?”

“काहीच नाही. वाटी घेतली, आत गेल्या, काठोकाठ भरून आणली.” तिनं पदर बाजूला केला. “विरजणाला एवढं कुणी देतं का, आक्का?”

“मग?”

“मग मी वळले. तर मागनं म्हणाल्या, ‘मीठ कमीच होतं गं.’”

आक्का हसली. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

“आणि तू?”

“मी म्हटलं...” अनुसयेला हुंदका आला, त्यातच हसू फुटलं. “म्हटलं, होतंच कमी.”

आक्कानं तिच्या पाठीवर हात ठेवला. जड, शेणानं खरबरीत झालेला हात. बराच वेळ ठेवला.

मग अनुसयेनं चमचाभर दही दुधात घातलं आणि ढवळायला लागली.

“आता परत जाते, आक्का. सगळं सांगून टाकते त्यांना. त्या दिवशी व्याही कसे हसले, मला काय काय वाटलं, सहा वर्षं मी कशी काढली, आणि ते मीठ पण मी...”

चमचा फिरतच होता.

आक्कानं तो तिच्या हातातून काढून घेतला. भांड्यावर झाकण ठेवलं.

“विरजण लागलंय. आता हलवू नको.”