सीमेवरचे काटेरान

एका राज्यात, जिथे पक्षी खरे बोलत आणि दरबारी मात्र सोयीचे बोलत, विराजकेतू नावाचा राजा होता. त्याची राणी शाल्मली. तिने दक्षिणेकडचा द्राक्षांचा मुलूख आंदण आणला होता, म्हणून राज्य हिमशिखरांपासून समुद्रापर्यंत सलग झाले होते. दोघांना दोन मुली झाल्या. मुलगा काही झाला नाही.

एवढ्यासाठी राणीला टाकणे राजाला शोभले नसते. पण दरबारात शास्त्री कशाला पोसलेले असतात? त्यांनी खलबते केली आणि संसाराला इतकी वर्षे उलटल्यावर शोध लावला की राजा आणि राणी सगोत्र आहेत, सबब हे लग्नच नव्हे. हे खोटे आहे हे राजाला ठाऊक होते. त्याने मान डोलावली.

त्या राज्याची रीत अशी, की काडीमोड घेताना नवराबायकोने गवताची काडी दोन टोकांना धरावी, भरल्या दरबारात मोडावी आणि आपापला तुकडा न्यावा. अट एकच: काडी हातात असताना खोटे बोलू नये.

"महाराज, खरे कारण सांगा," शाल्मली म्हणाली. "मग मी मुकाट्याने मोडते."

"आपण सगोत्र आहोत," राजा म्हणाला.

काडी मोडली. आंदण बाईबरोबर परत जाते, हीही तिथली रीतच. ती मात्र शास्त्र्यांच्या ध्यानातून गेली होती. शाल्मली आपला तुकडा आणि आपला मुलूख घेऊन निघाली. मुली बापाकडे राहिल्या. धाकटी आईच्या रथामागे वेशीपर्यंत धावली, तिची एक चप्पल वाटेतच राहिली.

शाल्मलीने शेजारच्या अरिंजय राजाशी लग्न केले आणि तिला एकामागून एक मुलगे झाले. शास्त्र्यांनी त्या विषयावर मौन धरले. विराजकेतूनेही दुसरी राणी केली. तिला सुकेतू झाला आणि ती बाळंतपणातच गेली.

द्राक्षांच्या मुलखावरून दोन्ही राज्यांत लढाया जुंपल्या. सीमेवर काट्यांचे रान उगवले. रक्त सांडले की ते वाढे, आणि रक्त तर दर सुगीला सांडत होते. सुकेतू मोठा झाला, फौज घेऊन गेला, आणि त्या रानाने त्याला गिळले. काट्यांतून त्याची हाक ऐकू येई, रोज थोडी क्षीण. ज्या मुलासाठी सारे केले, तोच त्या करणीत अडकला होता.

महालात शाल्मलीची साळुंकी मागे राहिली होती. काडी मोडल्यापासून तिने चोच उघडली नव्हती. राजा तिच्यासमोर जाऊन बसला.

"माझा मुलगा कसा सुटेल?"

"खोट्यावर मोडलेली काडी जोडा," साळुंकी म्हणाली. "त्यासाठी तीन कामे. आपला तुकडा शोधा. न झालेल्या दिवसांचे तळे पाहा आणि त्याचे पाणी न पिता परत या. मग शाल्मलीच्या दरबारात खरे बोला."

"हे इतकी वर्षे का सांगितले नाहीस?"

"कुणी विचारले होते?"

राजाने तुकडा कधीच फेकून दिला होता. तो सारा महाल शोधत फिरला. शेवटी थोरल्या मुलीने, नंदिकेने, आपला कुंकवाचा करंडा उघडला. "तात, तुम्ही टाकलात. मी उचलला होता." राजाला मान वर करून तिच्याकडे पाहवेना.

तळ्यावर कर्कट नावाचा मायावी बसला होता. "एक ओंजळ प्या," तो म्हणाला, "आणि जे दिसेल तिथे राहा. तेच खरे होईल, इकडचे काहीच झालेले नसेल."

राजा वाकला. पाण्यात सलग राज्य दिसले. सीमेवर रान नव्हते, बाजार भरला होता. लढाईत पडलेले लोक तिथे म्हातारे होऊन द्राक्षांची टोपली निवडत बसले होते. शाल्मली त्याच्या शेजारी बसली होती, केस पिकलेले, कशावरून तरी त्याला हसत होती. गादीवर नंदिका होती आणि राज्य नीट चालले होते. मुलाविना काही अडले नव्हते! राजाला रडू कोसळले. त्याने ओंजळ भरली, ओठांपाशी नेली, आणि पाण्यात सुकेतूला शोधू लागला.

सुकेतू कुठेच नव्हता. जन्मलाच नव्हता.

राजाने ओंजळ ओतून दिली. 

मग तो निःशस्त्र, काट्यांच्या रानाला वळसा घालून, शत्रूच्या राजधानीत गेला. शाल्मलीसमोर, अरिंजयासमोर, तिच्या मुलांसमोर तुकडा हातात धरून उभा राहिला.

"आपण सगोत्र नव्हतो. मला मुलगा हवा होता. मी खोटे बोललो."

शाल्मलीने आपला तुकडा काढला. "मला ते त्याच दिवशी ठाऊक होते. लोकांना कळायचे राहिले होते. महाराज, काडी जुळेल. आपण नाही."

"जाणतो," राजा म्हणाला.

"धाकटीच्या पायात चपला टिकतात का आता?"

दोघांनी तुकडे एकमेकांना टेकवले आणि काडी सांधली गेली.

त्याच क्षणी रान वाळले, कोसळले. अरिंजय आणि विराजकेतू यांनी सीमेवर जाऊन आपापल्या फौजांना तलवारी म्यान करायला लावल्या, द्राक्षांच्या गाड्या पुन्हा उत्तरेला निघाल्या. दोघी मुली आईला भेटायला परतीच्या पहिल्या गाडीतून गेल्या. मेलेले मात्र कुणी परतले नाही. पुढची गादी नंदिकेची, असे राजाने जाहीर केले.

सुकेतू लंगडत बाहेर आला. बापाच्या खांद्यावर भार देऊन चालताना, बापाने तीन कामांचे नाव काढले तेव्हा त्याने विचारले, "तात, तळ्यात काय दिसले?"

"आपले राज्य. सुखी होते."

"आणि मी?"

राजा थांबला. मुलाच्या केसांत काटे अडकले होते, ते तो एकेक करून काढू लागला. "मी पाणी प्यालो नाही, बाळा," तो म्हणाला.

रान गेले, वाट उरली. त्या वाटेने ते दोघे घरी गेले.