चुकवलेली पाळी

नदी समुद्राला मिळते तिथे तिचे फाटे होतात. अशाच दोन फाट्यांच्या मध्ये एक गाव होतं, आणि त्या गावात धाकोजी नावाचा पाटील होता. माणूस कष्टाळू, शब्दाचा पक्का. निदान या गोष्टीच्या सुरुवातीला तरी पक्का होता.

गावाभोवती मातीचा बांध होता. पूर दरवर्षी यायचाच. पाणी खुणेच्या दगडाला लागलं की एका शेतापाशी बांध फोडायचा, अशी तिथली रीत. पाणी शेतात शिरायचं, पसरायचं, त्याचा जोर मोडायचा आणि वस्ती वाचायची. कोणाचं शेत, ते पाळीने ठरे. ज्याची पाळी त्यानेच आपल्या हाताने बांध फोडायचा. दुसऱ्याच्या शेतावर कोणी कुदळ चालवायची नाही. त्याचं भात जाई खरं. पण पूर ओसरला की प्रत्येक घर राखून ठेवलेल्या रोपांची जुडी घेऊन येई, आणि सगळा गाव मिळून त्याचं शेत पुन्हा लावून देई.

राजा भला होता. या गावाला दरवर्षी पाण्याशी झुंजावं लागतं हे ऐकून त्याला वाईट वाटलं. उन्हाळ्यात तो नावेतून आला आणि म्हणाला, “बांध दुप्पट उंच करून देतो.” निघताना त्याने धाकोजीला बाजूला घेऊन विचारलं, “पाटील, या बांधापायी तुमची एखादी रीत तर मोडत नाही ना?”

यंदा पाळी धाकोजीचीच होती. आणि यंदाच त्याच्या शेतात पहिल्यांदा सुवासिक भात लागणार होतं. मूठभर बी त्याने लांबून आणलं होतं, तीन वर्षं जिवापाड जपून वाढवलं होतं. ते शेत त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

“नाही महाराज,” तो म्हणाला. “तशी काही रीत नाही.”

मग राजाने पावसाआधी बांध उंच करवला आणि हुकूम काढला, की या बांधाला कोणी कुदळ लावली तर त्याला शिक्षा होईल. गावात चलबिचल झाली. गेल्या वर्षी ज्याची पाळी होती तो जानकू कुंभार धाकोजीकडे आला. “पाटील, महाराजांना पाळीचं सांगितलंत ना?”

“सांगितलं,” धाकोजी म्हणाला. “त्यांनी ऐकलं नाही.”

जानकूने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? पाटील आजवर खोटं बोललाच नव्हता.

श्रावणात पूर आला. खुणेचा दगड सकाळीच बुडाला. बांध उंच, म्हणून पाणीही बाहेर उंच चढत गेलं. सगळा गाव धाकोजीच्या शेतापाशी जमला.

“पाटील, फोडा,” जानकू म्हणाला.

“राजाचा हुकूम आहे.”

“शिक्षा आम्ही सगळे मिळून भोगू. पण फोडा.”

जानकूच्या हातात कुदळ होती, पण शेत दुसऱ्याचं होतं. तो रीत मोडणारा नव्हता. धाकोजीने आपल्या भाताकडे पाहिलं. गुडघाभर हिरवंगार उभं होतं. “थोडं थांबू,” तो म्हणाला. “उतरेल पाणी.”

पाणी उतरलं नाही. दुपारी बांध पलीकडे कुंभारवाड्यापाशी फुटला, आणि एवढं तुंबलेलं पाणी एकदमच आत आलं. घरं गेली. तीन माणसं गेली. त्यात जानकूची आई होती. आणि ज्या भातासाठी हे सगळं झालं, तेही चिखलाखाली गेलं.

चार दिवसांनी राजा आला. पडलेली घरं पाहून त्याने पागोटं उतरवलं. जानकू पुढे झाला आणि म्हणाला, “महाराज, पाटलांनी तुम्हाला आमची पाळी सांगितली होती. तुम्ही ऐकलं नाहीत.”

राजाने धाकोजीकडे पाहिलं. धाकोजीला वाटलं, त्यापेक्षा राजाने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो चिखलातच खाली बसला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “मी सांगितलं नव्हतं. माझं शेत वाचावं म्हणून सांगितलं नव्हतं.”

जानकूने तोंड फिरवलं. राजा धाकोजीला म्हणाला, “तू खोटं बोललास. आणि अख्खं गाव सोडून मी एकट्या तुलाच विचारलं. ही माणसं आपण दोघांनी घालवली.”

मग राजा गावातल्या प्रत्येक घरात जाऊन बसला. म्हातारी माणसं, बायाबापड्या, नावाडी, सगळ्यांना विचारलं आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे बांध पुन्हा बांधला. या खेपेला प्रत्येक शेतापाशी लाकडी दार बसवलं. ते उघडण्याचा हक्क गावाचा राहिला.

पुढल्या वर्षी पूर आला तेव्हा धाकोजी कोणी बोलावण्याआधीच बांधावर उभा होता. चुकवलेली पाळी त्याचीच होती. पाणी दगडाला लागलं तसं त्याने दार उघडलं, आणि डोळ्यांदेखत त्याचं शेत बुडालं.

पाणी ओसरल्यावर तो एकटाच शेतातला गाळ ओढत बसला. आपल्याकडे कोणी येईल असं त्याला वाटत नव्हतं. पण रीतीप्रमाणे एकेक घर रोपांची जुडी घेऊन आलं. सगळ्यांच्या मागून जानकू आला. धाकोजीकडे न पाहता त्याने जुडी बांधावर ठेवली, धोतर खोचलं आणि चिखलात उतरून रोपं लावू लागला. धाकोजी रडत रडत त्याच्या शेजारी वाकला.

तात्पर्य: आपल्या वाट्याचं नुकसान जो चुकवतो, तो ते दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडतो, आणि ज्यांच्या दारात पाणी येतं त्यांना न विचारता केलेलं भलंही अंगाशी येतं.