सुगरणीनं नेलेला कापूस

फार मागची गोष्ट. बाभळीवरच्या साळुंकीनं कावळ्यांचं बोलणं अर्धंच ऐकलं, "सुगरणीनं म्हणे शिंपिणीच्या घरट्यातला कापूस नेला, पण..." एवढ्यावरच ती रानभर सांगत सुटली.

पाखरांचे पंच बसले. चोरी ठरली तर सुगरणीला झाड सोडावं लागणार होतं. साळुंकीही पंचांत होती. "हाकला मेलीला," ती म्हणाली.

पंचांतला म्हातारा होला म्हणाला, "बाई, मत देण्याआधी पोटात काही आकस असेल तर तो सांगायची रीत आहे आपली."

साळुंकी पुटपुटली, "तिचा खोपा कसा झुलतो. माझ्या काड्या टिकतच नाहीत."

"मग तू पंचांतून ऊठ, खालच्या फांदीवर बस," होला म्हणाला.

उरलेल्या पंचांनी शिंपिणीला विचारलं. तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. "नेला की," ती म्हणाली. "पिल्लं उडाली, मीच म्हटलं, घेऊन जा."

सुगरण सुटली. खालून साळुंकी म्हणाली, "पण नेला होताच ना."