शेवंताबाईची घागर

“मग मंडळी मला कुठं पाठवणार, बाबा?”

निरंजन पाटोळे हे त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारत होता. बायबल कॉलेज संपवून तो आमच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये शिकाऊ पाळक म्हणून आला, त्याला वर्ष झालं होतं. येताना ईशान्येकडच्या डोंगराळ भागाचा भलामोठा नकाशा घेऊन आला होता. तो त्यानं चर्चच्या भिंतीवर लावला आणि सेवेला जिथं जिथं जायचं, तिथं लाल टाचण्या टोचल्या. त्या भिंतीला दरवर्षी ओल येते, हे त्याला कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

वाघचौरे पाळक, म्हणजे आमचे बाबा, वय वर्षं एक्याऐंशी, व्यासपीठाच्या फळ्या उचलून खालच्या हौदात डोकावत होते. आमच्यात कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. बाप्तिस्मा म्हणजे अख्खा माणूस पाण्याखाली गेला पाहिजे. त्यासाठी त्या शनिवारी सकाळीच टँकर बोलावून हौद कमरेइतका भरून घेतला होता.

रविवारी निरंजन आयुष्यातला पहिला बाप्तिस्मा देणार होता, आणि तोही दूरदूर सेवक पाठवणाऱ्या मिशन बोर्डाच्या पाहुण्यांसमोर. त्यांना तो पसंत पडला आणि मंडळीनं शिफारसपत्र दिलं, की गडी निघाला डोंगरात. पोरगा कष्टाळू होता, खोटं कशाला बोलू. फक्त नाक जरा वर असायचं.

“मंडळी ठरवेल,” बाबा हौदातूनच बोलल्यासारखे म्हणाले.

आमच्याकडं वर कोणी बिशप नाही. मंडळी, म्हणजे चर्चचे सगळे सभासद, तेच ठरवतात. नवा झाडू आणायचा तरी हात वर करून मतदान होतं. चिटणीस म्हणून हात मोजायचं काम माझं.

तेवढ्यात शेवंताबाई दारात येऊन उभी राहिली. काखेत रिकामी घागर. मागच्या गल्लीची पाइपलाइन फुटून पाच दिवस झाले होते, आणि आमच्या आवारात वळणारा टँकर तिनं पाहिला होता.

“वाईच पाणी मिळंल का?”

बाबांनी निरंजनकडं पाहिलं. निरंजननं हौदाकडं पाहिलं. मग त्यानं तिला अगदी गोड आवाजात समजावलं, की हे पाणी उद्याच्या बाप्तिस्म्यासाठी आहे, शिवाय मंडळीच्या मतदानाशिवाय चर्चची कुठलीही वस्तू देता येत नाही, तसा नियमच आहे.

नियम खरा होता. मीच लिहिला होता.

“बरोबर,” बाबा म्हणाले. “घेऊ मतदान. मंडळीचे किती जण आहोत इथं?”

“तीन.”

“द्यावं म्हणणाऱ्यांनी हात वर करा.”

बाबांचा हात वर गेला. माझाही गेला... अंमळ उशिरा. निरंजनचे हात खिशातच राहिले.

“ठराव मंजूर,” बाबा म्हणाले. “आता वर केलेला हात खाली आणा, आणि त्यात बादली धरा.”

अर्ध्या तासात सगळी गल्ली रांगेत उभी राहिली. निरंजननंही बादल्या भरल्या, पण प्रत्येक बादलीला त्याचा चेहरा उतरत गेला. दुपारी रांग संपली तेव्हा हौदात गुडघ्याच्या खाली पाणी होतं. टँकरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, आता थेट सोमवारी.

“बाबा, एवढ्याशा पाण्यात माणूस बुडवू कसा?”

“तू वाक. म्हणजे तोही वाकेल.”

रविवारी बाप्तिस्मा घेणार होता बर्नबा शेलार. ट्रॅक्टर दुरुस्त करतो. माणूस देवासारखा, पण पोट फार मोठं.

निरंजन पांढरा झगा घालून हौदात गुडघे टेकून बसला. बर्नबाला हळूच आडवं केलं. डोकं गेलं, खांदे गेले, पाय गेले. पोट राहिलं. पोट दाबलं की पाय वर यायचे, पाय दाबले की डोकं. बर्नबा मधूनमधून श्वास घ्यायला वर येऊन “झालं का?” असं विचारत होता.

गीत दोनदा गाऊन संपलं. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. निरंजनच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हसू आवरत नव्हतं, आणि त्याची कीवही येत होती.

गल्लीतल्या चार बाया दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्यातली शेवंताबाई मुकाट्यानं निघून गेली आणि भरलेली घागर घेऊन आली.

“कालचंच हाय. तुमचंच हाय.”

आणि कोणी काही बोलायच्या आत तिनं ती बर्नबाच्या पोटावर रिती केली.



पाहुणे हळूच म्हणाले, की ओतलेलं पाणी आपल्यात चालत नाही.

“मतदान घेऊ,” बाबा म्हणाले.

बाप्तिस्मा झाला म्हणणारे हात मी मोजले. आमची मंडळी त्रेचाळीस जणांची. हात सत्तेचाळीस भरले. दारातल्या चौघींनीही वर केले होते. मी पुन्हा मोजले नाहीत.

उपासना संपली. पाहुणे जाताना सांगून गेले, की त्यांना मुलगा पसंत आहे, मंडळीचं पत्र आलं की ते त्याला पाठवायला तयार आहेत. निरंजन ओल्या झग्यातच बाबांकडं धावत आला. मागं फरशीवर पाण्याची रेघ.

“बाबा, आता तरी सांगा. कधी पाठवता मला?”

हौदाच्या काठावर रिकामी घागर राहून गेली होती. बाबांनी ती उचलली आणि त्याच्या हातात दिली.

“आत्ताच. ही शेवंताबाईच्या घरी पोचव.”

निरंजन घागर घेऊन निघाला. दारापर्यंत गेला... आणि थांबला.

“बाबा, तिचं घर कुठं आहे?”

चर्चची मागची भिंत आणि शेवंताबाईची भिंत यांच्यामध्ये एक बोळ आहे. तेवढंच अंतर.

बाबांनी टाचण्या टोचलेल्या नकाशाकडं बराच वेळ पाहिलं.

“ह्यात नसेल. विचारत विचारत जा.”