सटवाजीनं फोडलेला उंबरा

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. माझ्या आजेसासूला तिच्या आजेसासूनं सांगितली होती, तिथून मागं तुमचं तुम्ही मोजा.

आपल्या निवळवाडीत तेव्हा सटवाजी गवंडी राहायचा. गवंडी पुष्कळ झाले, पण त्याची सर कुणाला नाही. असं म्हणतात, की त्यानं भिंतीवर नुसता तळवा ठेवला तरी आतला पोकळ दगड त्याला कळायचा. असं म्हणतात, की त्यानं राखेनं आखलेली रेघ वळवाच्या वाऱ्यातसुद्धा हलायची नाही. खरंखोटं देवाला माहीत, पण घर बांधायची त्याची रीत मात्र खरी होती. पाया खणायच्या आधी तो मोकळ्या जागेवर राखेनं अख्खं घर आखायचा. इथं सोपा, इथं माजघर, इथं चूल. मग मालकाला एकच विचारायचा, "घरात चालती माणसं किती?" जेवढी चालती माणसं, तेवढ्यांना तो दिवसभर त्या राखेच्या घरात वावरायला लावायचा. पाण्याचा हंडा घेऊन बाई कुठून वळते, खोकल्याची उबळ आली की म्हातारा कुठं जाऊन बसतो, हे तो झाडाखाली बसून बघायचा. संध्याकाळी जिथली राख पायांनी पुसली असेल तिथं दार आणि जिथं रेघ शाबूत असेल तिथं भिंत. म्हणून त्याचं एक घर दुसऱ्यासारखं नसायचं. शिंप्यानं अंगरखा बेतावा तसा तो माणसं बघून घर बेतायचा.

तर हैबती शेलारानं थोरल्या लेकाच्या लग्नासाठी नवं घर बांधायला काढलं. सटवाजीनं विचारलं, तसं त्यानं सांगितलं, पाच. नवरा-बायको, म्हातारी आई आणि दोन लेक. पाचजण दिवसभर राखेत वावरले आणि वर्षभरात घर उभं राहिलं. काय घर होतं म्हणून सांगू! पाच दारं, आणि दर दाराला काळ्या दगडाचा वीतभर उंच उंबरा. दर्शनी उंबरा तर बारा माणसांनी ओढून आणलेला, सटवाजीनं महिनाभर स्वतः बसून घडवलेला.

वास्तुशांत झाली. हैबतीनं सटवाजीला नवं पागोटं बांधलं. आत पंगती बसल्या आणि सटवाजी अंगणात पान चघळत आपल्या घराकडे बघत बसला. तेवढ्यात गोठ्याकडून एक पोरगी आली. आली म्हणजे चालत नाही हं. गोणपाटावर बसून, दोन्ही हात जमिनीला टेकत, सरकत सरकत. सतरा-अठराची असेल. दारापाशी आली, उंबऱ्याच्या गुळगुळीत दगडावरून हात फिरवला, आतल्या गर्दीकडे पाहिलं आणि आली तशी मागं वळली.

सटवाजीचं पान तोंडातच राहिलं. शेजारच्याला विचारलं तेव्हा कळलं, ही हैबतीची लेक येसू. लहानपणी तापात पाय गेले. जुन्या घरातही उंबऱ्यापाशी तिला उचलावं लागायचं. उचलणारे कंटाळले, तशी ती गोठ्यात राहायला लागली, आणि सटवाजीच्या नजरेस कधी पडलीच नव्हती. गावाला ह्यात काही वावगं दिसत नव्हतं. खोटं कशाला बोलू, आपलंच गाव ते.

सटवाजी तडक हैबतीपुढं जाऊन उभा राहिला. "मला पाच सांगितलीस," तो म्हणाला.

हैबती गोंधळला. "तू चालती इचारलीस. ती कुठं चालती?"

आता बोला! हैबती खोटं बोलला नव्हता. सटवाजी मटकन खाली बसला. चाळीस वर्षं तो हेच विचारत आला होता. म्हणजे किती घरं झाली, आणि कुणाकुणाच्या गोठ्यात, कुणाकुणाच्या परसात कोण बसलं असेल! त्यानं पागोटं काढून तुळशीपाशी ठेवलं. आणि तो सत्तरीचा म्हातारा, बसल्या बसल्या, हात टेकत, भर पंगतीतून घरात सरकायला लागला. लोकांना वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. बायकांनी घाईघाईनं वाटेतली पानं उचलली. पाची उंबरे त्यानं तसेच ओलांडले. धोतर फाटलं, गुडघे सोलले, नडगीतून रक्त आलं. मग त्यानं घण मागितला.

आतले चार उंबरे फुटले तोवर हैबती दगडासारखा उभा होता. दर्शनी उंबऱ्याची पाळी आली तसा तो आडवाच पडला. परवा सून घरात यायची. उंबराच नाही तर ती माप कुठं लवंडणार, आणि लक्ष्मी आत येणार कुठून?

सटवाजी म्हणाला, "हैबती, लक्ष्मी मघाशी दारात येऊन माघारी गेली."

हैबती बाजूला झाला. असं म्हणतात, की सटवाजीनं बसूनच घण मारला आणि बारा माणसांनी आणलेला दगड एका घावात दुभंगला. असं म्हणतात, की तो आवाज नदीपलीकडच्या तीन गावांनी ऐकला. मला तर अजून सांगताना काटा येतो.

तिसऱ्या दिवशी वरात आली. नवरीचं नाव सगुणा. दारातला फुटका दगड बघून तिच्या बापाचं पित्तच खवळलं. असल्या अवलक्षणी घरात माझी पोर पाऊल टाकायची नाही, म्हणाला, आणि गाडी वळवायला त्यानं स्वतःच कासरा धरला. हैबती हात जोडून उभा. सगळ्यांना वाटलं, लागलेलं लग्न मोडलं.

दारात तर येसू बसली होती, मांडीवर ओवाळणीचं ताट घेऊन. सरकत येताना तिनं ते कसं आणलं तिचं तिला माहीत. नणंदेनंच ओवाळायचं, रीतच ती. पण खाली बसलेल्या पोरीचा हात उभ्या नवरीच्या कपाळाला पोचायचा कसा? तिनं ताट उचललं, ते सगुणाच्या कमरेपाशीच थांबलं.

सगुणा गाडीत चढली नाही. अंगभर शालू, मुंडावळ्या, आणि ती चक्क मातीत खाली बसली. कपाळ पुढं केलं. येसूनं ओवाळलं. मग सगुणानं माप हातानं लवंडलं आणि नणंदेच्या मागोमाग सरकत घरात गेली. बापाच्या हातातला कासरा गळून पडला.

असं म्हणतात, की सटवाजी त्या दिवसानंतर कधी उभा राहिला नाही. पुढची सगळी घरं त्यानं बसून आखली, आणि बसूनच गेला.

आजही आपल्या वाडीत वास्तुशांतीला घरचा कर्ता नव्या कपड्यांनिशी खाली बसतो आणि सगळ्या घरातून सरकत जातो. जिथं अडेल ते त्याच दिवशी फोडायचं. परवा त्या पलटणीतून आलेल्या बाजीरावाच्या बंगल्यात न्हाणीघराची पायरी आडवी आली. इटालियन फरशी होती हो तिच्यावर! पाहुणे म्हणाले, राहू दे की, तुझ्या घरात तर सगळी धडधाकट आहेत.

"आज आहेत," बाजीराव खालूनच म्हणाला, आणि पायरी फुटेपर्यंत त्यानं कुणाला पान वाढू दिलं नाही.