अधांतरी खांब

ज्या काळाचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही, अशा फार जुन्या काळी एका राज्यात एक विदुषी राहत होती. तारे का लुकलुकतात, स्वप्न खरं की जाग खरी, असल्या कोड्यांवर ती ग्रंथ लिही आणि लहानथोर ते आवडीनं वाचत.

त्या राज्यात एक पुरातन मंदिर होतं. त्याचा कोपऱ्यातला एक खांब जमिनीला टेकतच नसे. खालून कापड सरकवलं की सरळ पलीकडे निघे. विदुषीनं ते स्वतः करून पाहिलं आणि हरखून ग्रंथ लिहिला: पूर्वजांना दगडाचं वजन काढून घेण्याची विद्या येत होती. हे छत आपलं आपणच तरंगतं, खांब नुसते शोभेला.

राजा बेहद्द खूश झाला. त्यानं तिला मानाची शाल दिली आणि हुकूम सोडला, "शोभेलाच आहेत ना? मग काढा सगळे खांब. माझ्या नव्या महालाला लावा."

आता पाथरवटांची एक रीत होती बरं का. आधार नको असं जो म्हणेल, त्यानं आधी त्या छताखाली जेवायला बसायचं, मगच घण चालवायचा. म्हातारा पाथरवट हात जोडून म्हणाला, "बाई, तुम्हाला बसावं लागेल."

"बसते की," ती म्हणाली. स्वतः लिहिलेलं होतं, मागं कशाला सरेल?

मंदिरात राजा आणि त्याची माणसं जमली. पान वाढलं. पाथरवटानं घण उचलला. तिचा पहिला घास मात्र हातातच राहिला. कापड आपण एकाच खांबाखालून सरकवलं, बाकीच्यांखालून का नाही? उत्तर तिला ठाऊक होतं. कापड अडकेल अशी भीती वाटली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"थांबा," म्हणून ती उठली. एकेका खांबापाशी वाकून तिनं कापड घालून पाहिलं. कुठेच जाईना. घामाघूम झाली, तरी शेवटचा खांब पाहिल्याशिवाय ती थांबली नाही.

"महाराज, माझा ग्रंथ चुकला. छत या खांबांवरच उभं आहे. घण पडला तर ही माणसं गाडली जातील."

राजाचा चेहरा उतरला. "तरंगत्या छताचा मी चार राज्यांत डंका पिटलाय. माझं हसं होईल. तू गप्प राहा, शाल तुझ्याकडेच राहील. खांब निघणारच."

तिनं शालीची घडी करून त्याच्यापुढे ठेवली. "मग आधार नको असं म्हणणारी आता मी नाही, तुम्ही आहात. हे पान तुमचं, महाराज. एकट्यानं जेवायला नको, म्हणून मी शेजारी बसते." आणि खरंच जाऊन बसली.

राजानं वर पाहिलं. छताची ती अवाढव्य शिळा त्यानं आजवर कधी नीट पाहिलीच नव्हती.

"घण खाली ठेवा," शेवटी तो म्हणाला.

खांब जिथल्या तिथे राहिले. विदुषीनं नवा ग्रंथ लिहायला घेतला, त्याची पहिलीच ओळ होती, 'माझं चुकलं होतं.' आणि तो अधांतरी खांब? तो का टेकत नाही, हे तिला अजून उमगलं नव्हतं. रोज सकाळी ती त्याच्यापाशी जाऊन बसायची.

तात्पर्य: आपलं म्हणणं जिथे अडेल अशी भीती वाटते, तिथेच ते आधी तपासून पाहावं.