न्हाईसवळण

तुमच्या हातातल्या नकाशात नवव्या किलोमीटरपाशी 'नाईस पॉइंट' असं छापलंय, ते आधी खोडा. छापणाऱ्याला वाटलं असेल, डोंगरावरची जागा आहे, खाली हिवरण्याची वेस, बारव, जुनी बाजारपेठ सगळं दिसतं, म्हणजे नाईसच असणार. त्या जागेचं नाव न्हाईसवळण आहे आणि तिथे नाईस काहीही नाही. मी शालन मोकाशी. इथल्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. शर्यतीच्या आधी पाहुण्यांना ही हकीकत सांगायचं काम गावाने माझ्या गळ्यात घातलंय, कारण गेल्या वर्षी दोन पाहुणे रागावून, जेवणही न घेता निघून गेले.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. तुमच्यातले काही जण स्पेनमधल्या जुन्या गावांभोवतीचे डोंगर पळून आलेत म्हणे. तिकडे वाटेच्या कडेला उभे राहून लोक टाळ्या वाजवतात, संत्र्याच्या फोडी हातावर ठेवतात, असं मघाशी कुणी तरी सांगत होतं. आमच्याकडेही खिंडीपर्यंत लिंबूसरबत मिळेल, शाबासकी मिळेल. पण वळणावर आमच्या बाया उभ्या असतील, आणि तुम्ही दिसलात की त्या अंगावर ओरडतील, "मागं फिर! तू माझा न्हाईस!" तिथे थांबायचं आणि आल्या वाटेने परत फिरायचं. एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. का, ते सांगते.

फार जुनी गोष्ट आहे, साल कुणालाच माहीत नाही. हिवरण्यात पटकी, म्हणजे कॉलरा, आली होती. सकाळी बारवेवर पाणी भरताना दिसलेली बाई संध्याकाळी उचलावी लागायची, असं सांगतात. लोक दारं लावून बसले. शेजारच्या घरात कण्हणं ऐकू आलं तरी कुणी विचारायला जाईना, आणि कण्हणं थांबलं की जास्तच भीती वाटायची.

त्या काळी रीत अशी होती की गावातली इडा, म्हणजे रोगराई, एका पाटीत घालून शिवेवर नेऊन ठेवायची. पुढच्या गावाने विधी करून ती पुढे काढायची. आपलं दुखणं शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी ठेवायचं आणि देवीचं नाव घ्यायचं, असलाच तो प्रकार, मला तरी त्यात काही पुण्य दिसत नाही. पाटीत देवीचा साज असायचा, म्हणजे हिरवा चुडा, खण, नारळ, हळदकुंकू आणि वर नवं कोरं फडकं. नेणारीने तोंडातून शब्द काढायचा नाही आणि मागे वळून पाहायचं नाही. ती बोलली, तर पाटीतलं सगळं तिचं. दुसऱ्या कुणी पाटीला हात लावला, तर त्याचं.

पाटी घेऊन पळायला ठकू गवळण पुढे झाली. डोंगरावर तिची म्हसरं होती. ऊन चढायच्या आत दही पेठेत पोचावं म्हणून ती रोज डोक्यावर मडकी घेऊन उतार पळत उतरायची, त्यामुळे तिच्या पायांना कुणाची जोड नव्हती. पण ती पुढे झाली त्याचं कारण वेगळंच होतं. खिंडीपलीकडच्या पाचवड्यात तिची एकुलती लेक येसू दिली होती. दुसऱ्या कुणी पाटी नेली, तर घाईघाईत कुठे टाकील, कुणाच्या अंगणाजवळ टाकील, याचा भरवसा नव्हता. आपण नेली तर खिंडीतल्या शिवेच्या धोंड्यापाशी, घरांपासून लांब ठेवू, असा तिने हिशेब केला.

सकाळचं दही विकायची वेळ, त्या वेळी ठकू पाटी घेऊन निघाली. सारा डोंगर चढून ती खिंडीत आली आणि धोंडा वीस पावलांवर दिसला. धोंड्याजवळ येसू उभी होती.

नागपंचमी चार दिवसांवर आली होती. सासुरवाशिणीला माहेरची पाटी यायचे ते दिवस. येसू गवत कापायला वर आली होती आणि तिने पाहिलं, आई येतेय, डोक्यावर पाटी, पाटीवर नवं फडकं, फडक्याखालून हिरव्या बांगड्या चमकतायत. आणखी काय हवं? तिने विळा टाकला आणि दोन्ही हात पुढे करून पाटी उतरून घ्यायला धावत सुटली.

ठकूला तोंड उघडायची सोय नाही. पाटी खाली ठेवावी, तर लेक फडकं उघडणार. आल्या वाटेने उतरावं, तर सगळी इडा परत गावात न्यायची. ती उजवीकडे वळली आणि डोंगराच्या कडेने, जिथे वाटच नव्हती, तिथून पळू लागली. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी विचारलं ना, खिंडीतून सरळ उतरायचं सोडून वाट अशी आडवी का जाते? ही ठकूने पाडलेली वाट आहे.

आणि येसू हसायला लागली. ती लहान असताना आई तिला उतारावर अशीच पळवायची, पकड म्हणायची. तिला वाटलं, आई तेच करतेय. "आये, थांब की! किती पळवशील लेकीला?" असं ओरडत, हसत ती मागे लागली.

मागे पाहायची बंदी, त्यामुळे लेक किती जवळ आली हे ठकूला कळत नव्हतं. तिला फक्त दगडावर वाजणारी जोडवी ऐकू येत होती, आणि ते हसणं. येसू एकोणीस-वीस वर्षांची, हाडापेराने आईसारखीच. जोडवी जवळ यायला लागली. ठकू जिवाच्या आकांताने पळत होती, छाती फुटायला आली होती, आणि ज्या लेकीसाठी तिने हे डोक्यावर घेतलं, तिच्याच हाताची तिला आता धास्ती वाटत होती. मला या ठिकाणी दर वर्षी बोलायला त्रास होतो. थोडं पाणी द्या.

तर, पुढे वळण आलं. वळणापलीकडे कड्याची अरुंद पट्टी आहे, दहा-बारा हात लांब, मग सरळ दरी. पळायला जागा संपली. येसूचा श्वास मानेवर लागला आणि तिची बोटं फडक्याच्या टोकाला लागणार, तेवढ्यात ठकू बोलली.

"मागं फिर! तू माझी न्हाईस!"

येसू जागच्या जागी थांबली. थोबाडीत मारल्यावर माणूस थांबतं, तशी. ठकू पट्टीवर पुढे गेली, अगदी टोकाला बसली आणि पाटी तिने मांडीवर घेतली. ती बोलली होती, त्यामुळे पाटीतलं आता तिचं झालं होतं. वळणावरून येसू विचारत राहिली, "आये, काय चुकलं माझं?" ठकूने उत्तर दिलं नाही. आपण गोड बोललो तर लेक जवळ येईल, हे तिला माहीत होतं. तिसऱ्या प्रहरी तिला उलट्या सुरू झाल्या, आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. शोधत आलेल्या गावकऱ्यांनी येसूला धरून ठेवलं आणि पाटीत काय होतं ते सांगितलं. त्यानंतर हिवरण्यात नवा माणूस आजारी पडला नाही, असं सांगतात. पाचवड्याला तर काहीच झालं नाही. येसू म्हातारी होऊन मेली. आईच्या त्या बोलण्याचा एकच दिवस का होईना, आपल्याला राग आला होता, हे ती शेवटपर्यंत सांगायची म्हणे.

पुढची पट्टी आता निम्मी ढासळलीय. म्हणून आजही डोंगरावर पळणाऱ्याला त्या वळणावर त्याच्या घरच्या बाईने हे बोल ऐकवायचे आणि त्याने ते ऐकून फिरायचं. तुम्ही पाहुणे, तेव्हा तुमच्यापैकी प्रत्येकाला आम्ही गावातली एकेक बाई नेमून दिलीय. शिवी समजू नका. कानात गाणी ऐकायची ती बोंडं घातली असतील, तर खिंडीतच काढून ठेवा. गेल्या वर्षी माझ्या लेकीने, मेधाने, ती काढली नव्हती. मी ओरडले, ती हसून हात हलवत पुढेच आली, पट्टीवर तिची दोन पावलं पडली. मी दुसऱ्यांदा ओरडले तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

उद्या मेधा पुन्हा पळतेय. सकाळी मला म्हणाली, "आई, या वर्षी माझ्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी उभं कर. तुझ्या तोंडून ते ऐकलं की आठ दिवस झोप लागत नाही." मी नाही म्हटलं. दुसऱ्या कुणाच्या ओरडण्याने ती थांबेल का, ते मला माहीत नाही. मी उभी राहणार आहे.